आल्याची बियर आणि गणोजी मापारी

मंडळी, आज सकाळी अमरावतीच्या कापूस बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदा बियर चाखली. आलं आणि लवंग घातलेली. आधी गोड लागली, मग जिभेला चटका बसला.

अमेरिकेत लढाई लागून तिकडचा कापूस बंद झाल्यापासून गोरे साहेब कापसासाठी इथवर येतात. त्यातल्याच एकानं बाटली उघडली होती. आम्ही दलाल भोवती बसलो होतो. तेवढ्यात कापूस तोलणारा म्हातारा गणोजी घाम पुसत आला. दारूच्या थेंबालाही न शिवणारा माणूस.

"काय पिऊन राहिले, भाऊ?"

"आल्याचं सरबत हाय, काका. घ्या, थकले असान." पेला मीच पुढे केला.

त्यानं तो गटागटा संपवला. "देव तुमचं भलं करो," म्हणाला.

मग मी मोठ्यानं ओरडलो, "काका, तुमी दारू पेले!"

सगळे पोट धरून हसले. गणोजी घशात बोटं घालून ओकू लागला, तेव्हा तर जास्तच.

त्याचा होणारा व्याही शेजारीच गाडीत कापूस भरत होता. त्यानं माझं ओरडणं तेवढं ऐकलं. "दारुड्याच्या घरी मी पोरगी देत नाई," म्हणाला आणि बैल हाकून निघून गेला.

गणोजीनं मला शिवी दिली नाही. "कावून केलं, भाऊ?" एवढंच विचारलं.

व्याह्याची गाडी अजून वाटेत असेल. घोडं माझ्या दारात उभं आहे. जाऊन खरं सांगता येईल, पण मी उठलेलो नाही. गणोजीचा चेहरा आठवला की अजून हसू येतं.

तुम्ही हसला असता का?