बोंबील न खाणारी मांजर

माझ्या दुकानात हल्ली माल कमी आणि किस्से जास्त झालेत. नवी मुंबईत सीवूड्सला माझं सर्जिकलचं दुकान आहे. व्हीलचेअर, वॉकर, एअरबेड, मोठ्यांचे डायपर. इथे गिऱ्हाईक कधी हसत येत नाही. पण बॅटरीवर चालणाऱ्या मांजरी ठेवल्यापासून लोक पुन्हा दुकानात येतात, ते नुसतं सांगायला, "शेठ, काल काय झालं ऐका!"

मांजर म्हणजे पोरांचं खेळणं नव्हे हां. हात फिरवला की गुरगुरते, मान वळवते, डोळे मिटते. पोटसुद्धा श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं! विसरत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांना ती सोबत म्हणून देतात. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकलो आणि मागवल्या.

बायको म्हणाली, "सारसोळ्याच्या कोळीवाड्यात मांजरी फुकट फिरतात, आणि तुम्ही विकत आणल्यात!"

*

सारसोळ्याचाच हरेश एकदा दुकानात आला. त्याची आई मथुराबाई. जन्मभर मासळीबाजारात बसलेली बाई, आता हॉस्पिटलात. मुलाला ओळखत नव्हती, आणि तोंडात घास घेत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, शनिवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

"घाला की नळी. तब्येत सुधारेल," मी म्हणालो.

"शेठ, ती उपटून काढंल. मंग ते तिचे हात बांधतील." हरेशचा आवाज खाली गेला. "माज्या आयचे हात कोन बांधनार? कोयता चालवनारे हात हायेत ते!"

मी दोन मांजरी पिशवीत घातल्या आणि त्याच्याबरोबर निघालो.

*

वॉर्डात शिरलो, तर दारातल्या खाटेवरच्या काकूंनी मला अडवलं. पूर्वी त्या त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. बाकी सगळं पुसलं गेलं होतं, ते पद तेवढं शाबूत!

"पाळीव प्राणी? कमिटीची परवानगी घेतलीत?"

"घेतली, काकू," वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"आणि वर कशी आणलीत? सर्व्हिस लिफ्टनं ना?"

मी मान डोलावली. काकूंनी संशयानं मांजरीच्या पाठीवर बोट ठेवलं. ती गुरगुरली. काकूंनी मग पूर्ण हात ठेवला. थोड्या वेळानं इकडेतिकडे बघून मला हळूच म्हणाल्या, "राहू दे. फक्त मीटिंगमध्ये विषय काढू नका!"

दुसरी मांजर मथुराबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तोंड भिंतीकडे.

*

समोरच्या पुरुषांच्या वॉर्डात ऐरोलीचे एक रिटायर्ड इंजिनियर होते. ते कुणाशी बोलत नसत. काकूंची मांजर थोडा वेळ त्यांच्याकडे नेली, तर तासाभरानं ते तिच्याशी पंपाच्या दुरुस्तीबद्दल गप्पा मारत होते! त्यांची सून घाबरली. तिला वाटलं आपण बाबांना फसवतोय. तिनं जवळ जाऊन सांगितलं, "बाबा, ती खरी नाहीये. मशीन आहे."

इंजिनियरसाहेबांनी मांजरीच्या दोन्ही कानांवर हात ठेवले.

"मला कळतं गं," ते सुनेला म्हणाले. "पण तिच्यासमोर कशाला बोलायचं?"

सून बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली. मग तिनं मांजरीची किंमत विचारली.

*

दुसऱ्या दिवशी काकूंची मांजर बंद पडली. हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन आला, आणि त्यानं काय करावं? काकूंच्या पुढ्यातच मांजर उलटी केली, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पोट उघडलं!

काकू अशा किंचाळल्या की शेजारचा वॉर्ड जागा झाला.

"अरे राक्षसा, भूल तरी दे!"

तेव्हापासून त्या वॉर्डाचा नियमच झाला. बॅटरी बदलायची तर मांजर कापडात गुंडाळून 'ऑपरेशनला' न्यायची, आणि परत आणताना पोटाला पट्टी बांधायची. सिस्टर ती पट्टी अशी बांधतात की सर्जननं बघावं!

*

मथुराबाईंचं मात्र काहीच हलेना. शनिवार आला. मीही वॉर्डात गेलो. डॉक्टर दुपारी नळी घालणार होते. हरेशनं सिस्टरांना विचारून शेवटचा डबा आणला. ओल्या बोंबलाचं कालवण, काटे काढलेलं, आणि मऊ भात.

डबा उघडला, वास सुटला, आणि मथुराबाईंनी तोंड फिरवलं! हरेशनं घास पुढे केला. त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि मांजरीच्या तोंडाशी धरला.

आमच्या मांजरीला बोंबील काय कळणार? ती डोळे मिटून गुरगुरत राहिली.

"खात नाय ही," मथुराबाई म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्या बोलल्या होत्या. "बोंबलाला नाय म्हनते, म्हंजे आजारी हाय. ही उपाशी, तर मी कशी जेवू?"

झालं! मी कपाळाला हात लावला. बाजारात आधी मांजरींना मासळीची डोकी टाकायची, मग स्वतःचा डबा उघडायचा, हा या बाईचा जन्माचा शिरस्ता. म्हणजे मी मदत म्हणून नेली, आणि मांजरीनंच तिचा घास अडवला!

सिस्टर घाईनं मांजर उचलायला वाकल्या. मथुराबाईंनी ती छातीशी आवळली.

"हात नको लावूस! उपाशी कुटं नेतंस तिला?"

मग त्यांनी मांजरीचं तोंड आपल्याकडे वळवलं. हट्टी पोराला भरवताना बाया जो आवाज काढतात, तोच आवाज.

"बग हां, मी खाते. मंग तुला नाय मिलनार!"

आणि तो घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.

त्यांनी चावला, गिळला. "बग, सपला!" दुसरा घेतला. "ह्यो पन सपला!" मांजर गुरगुरत होती, बाई जेवत होती. सिस्टर तोंडावर हात ठेवून उभ्या. डॉक्टर दारात आले होते, ते तिथूनच मागे फिरले.

डबा अर्धा झाला, तेव्हा मथुराबाईंची नजर हरेशवर गेली. बराच वेळ त्याला न्याहाळलं.

"तू कोनाचा रं? सुकलास नुसता. तुजी आय तुला जेवायला घालत नाय काय?"

आणि भाताचा घास कालवून त्यांनी त्याच्यापुढे धरला.

"घालते ना," हरेश म्हणाला, आणि त्यानं तोंड उघडलं.