समुद्रापलीकडची पोर

कुवेतमधल्या फहाहीलला आमच्या गावाची खोली होती. रत्नागिरीकडचे आम्ही पाच-सहा गाववाले तिथे राहायचो आणि राज्य चालायचं चाचांचं. वयाने सर्वांत वडील, नमाजी, कडक. माणसाचं चित्र काढणं काय, बघणंही त्यांच्या लेखी पाप. गावी माझ्या अब्बांचंही तेच मत. त्यामुळे मी कुवेतला आल्यावर जन्मलेल्या माझ्या मुलीचा फोटो कुणी काढलाच नाही. माझी सुट्टी दर वेळी पुढे ढकलली जायची. पत्रात यायचं, मुलगी खुशाल आहे, तुझ्या वळणावर गेली आहे. आता आरशात स्वतःचं थोबाड बघून मुलगी दिसते होय?

आमच्यातला एक जण रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होता. चाचा संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजानंतर रात्रीच्या इशापर्यंत मशिदीतच बसत. तेवढ्यात आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत शिरायचो आणि एरियल इराणकडे फिरवायचो. वारा पडला, हवा दमट झाली, की समुद्रापलीकडचं चित्र यायचं. सगळं फहाहील घामाने हैराण आणि आम्ही आपले म्हणतोय, या अल्ला, अजून थोडं उकडू दे!

बाकीच्यांना नाचगाणी हवी असत. मी भांडून लहान मुलांचा कार्यक्रम लावायला लावायचो. फारसी, कळायचं कमीच. त्यात एक पोर होती. गाता गाता विसरायची आणि खुदकन हसायची. माझी अशीच हसत असेल का? जिला कधी पाहिलंच नाही तिची आठवण कशी येते, ते मला विचारू नका. यायची, आणि जीव कासावीस व्हायचा.

एकदा चाचा मशिदीतून लवकर निघाले आणि दुरुस्तीला टाकलेला रेडिओ न्यायला थेट दुकानात आले. पडदा सारून बघतात तर आम्ही सगळे टीव्हीसमोर. सगळ्यांची पाचावर धारण बसली. बटण बंद करायचंही कुणाला सुचेना. चाचा आता तोंड सोडणार, एवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. माझे डोळे भरले होते. त्यांनी पडद्यावरच्या पोरीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुजी पोर केवडी झाली रे?"

"तीन वर्षांची."

"वरसां नाय इचारली. केवडी झाली?"

एवढी, असं म्हणायला मी हात पुढे केला. गुडघ्यापाशी धरला. मग जरा वर नेला, पुन्हा खाली आणला. कुठे थांबवायचा, ते मला माहीतच नव्हतं.