पान चारपैकी एक

दिवाळीत आमच्याकडून फराळाचं ताट समोरच्या राऊळांकडे गेलं की प्रेमावहिनी करंजी उचलतात, कानाशी नेऊन हलवतात आणि मगच खातात. सारण कमी असेल तर ती खुळखुळते, असं त्यांचं म्हणणं. माझी बायको सपना दरवर्षी चिडते आणि दरवर्षी करंज्या ठासून भरते.

कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत बावीस वर्षं आम्ही समोरासमोर राहतोय. एवढ्या काळात वहिनींनी कशावर पटकन विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त होऊन आवाज न करता चालायला लागली, तेव्हा त्या आठवडाभर जिन्यानं गेल्या. "इतकी वर्षं खडखड करणारी वस्तू एकदम गप्प झाली म्हणजे तिच्या मनात काहीतरी आहे," असं त्यांनी वॉचमनला सांगितलं. तेव्हापासून तोही जिन्यानं जातो.

यात त्यांचा दोष नाही. मुलुंडच्या एका औषध कारखान्यात त्या पॅकिंग खात्यात चेकर होत्या. समोरच्या पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिप सरकत जायच्या आणि एखादा खड्डा रिकामा दिसला, एखादी गोळी तुटकी निघाली, कोपऱ्यातला बॅच नंबर पुसट असला की वहिनींचा हात पुढे जायचा. रिजेक्ट! दिवसाचे आठ तास संशय घ्यायची नोकरी. घरी आल्यावर तो कपड्यांबरोबर बदलता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांना छातीत गाठ लागली. सुईनं तुकडा काढून तपासायला गेला. रिपोर्ट आणायला नवरा चंद्रप्रकाश आणि मुलगा सिद्धेश गेले, आणि परत येताना दोघं आधी आमच्याकडे शिरले. चंद्रप्रकाश बसच्या डेपोत मेकॅनिक, इंजिनाखाली झोपून शिट्टी वाजवणारा माणूस. त्या दिवशी तो चपला न काढताच आमच्या दिवाणावर येऊन बसला.

"कॅन्सर आसा," तो म्हणाला. "वेगान वाढणारो."

सिद्धेशनं खुलासा केला. नुसत्या गोळ्यांना दाद देणारा हा प्रकार नव्हता. आधी सहा महिने केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. डॉक्टरांनी तीन आठवड्यांच्या आत सुरू करा म्हणून सांगितलं होतं.

"आईला नाही सांगायचं काका," सिद्धेश म्हणाला. "ती हायच खाईल. साधी गाठ आहे, ताकदीचं सलाइन घ्यायचंय, असं सांगतो."

"अरे, तिला? तुझ्या आईला?"

"तेवढी फाईल तुमच्याकडे ठेवा ना."

नाही म्हणायला हवं होतं. पण आपल्याकडे आजार ज्याचा असतो त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायची पद्धत आहे. त्या पद्धतीप्रमाणे मी ती फाईल घेतली आणि दिवाणाशेजारच्या रद्दीच्या गठ्ठ्याखाली सरकवली. वहिनींना रिपोर्टचं फक्त पहिलं पान दिलं. त्यावर नाव, वय, तारीख आणि कुठल्या बाजूचा तुकडा, एवढंच होतं.

कट उत्तम होता. फक्त राऊळ कुटुंबाला तो झेपला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रप्रकाशनं चहा केला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि त्याला साखरेचा डबा सापडत नव्हता. सिद्धेशनं जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून धुतलं. बुधवारी पापलेट आलं, तेही दोन. टीव्हीचा रिमोट कुणी न मागता वहिनींच्या हातात देण्यात आला.

"सपना, आमच्या घरात काहीतरी शिजतंय गं," वहिनी आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. बोलताना बघत होत्या माझ्याकडे. "सगळे गोड बोलतायत."

"काळजी घेतात हो ताई."

"काळजी घेतात तेव्हा ओरडतात. हे वेगळं आहे."

मी पेपरात डोकं घातलं. पेपर उलटा नव्हता, एवढी खबरदारी मी घेतली होती.

अकराव्या दिवशी, रविवारी दुपारी, बेल वाजली. वहिनी आत आल्या त्या सरळ दिवाणापाशी. "भाऊजी, रद्दी कधी देणार?"

"देऊ की. घाई काय आहे?"

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देता. रद्दीवाला दोनदा तुमच्या दारावरून रिकामा गेला. मी बघितलं." मग त्यांनी मुठीतला कागद उलगडून माझ्यापुढे धरला. तळाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं: पान चारपैकी एक. "बॅच नंबर कोपऱ्यातच असतो, भाऊजी. उरलेली तीन पानं कुठायत?"

माझे डोळे गठ्ठ्याकडे गेले. वहिनींना तेवढं पुरलं. त्यांनी फाईल ओढून काढली, दिवाणावर बसल्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली. बोट प्रत्येक ओळीखालून सरकत होतं. मधेच एका ओळीवर थांबलं, मागे गेलं, पुन्हा त्या ओळीवर आलं. सपनानं दिलेल्या पाण्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तेवढ्यात उघड्या दारातून चंद्रप्रकाश आला आणि तिथंच उभा राहिला. "तुका त्रास होतलो म्हणान…" एवढंच त्याला बोलता आलं.

"जयंतीला आपण काय सांगितलं होतं?" वहिनींनी विचारलं.

जयंती त्यांची थोरली बहीण. पोटाच्या कॅन्सरनं गेली. सात महिने घरातल्या प्रत्येकानं तिला अल्सर आहे म्हणून सांगितलं होतं.

"मीपण सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "हसत सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी माल तपासते तशी. तिला कळलं होतं सगळं, पण विचारायचं कुणाला? सगळेच गोड बोलत होते." त्यांनी फाईल बंद केली. "आता ऐका. औषध घ्यायचं की नाही ते मी ठरवणार. आणि जो माझ्याशी खरं बोलेल त्याच्याकडूनच घेणार. तसा कुणी नाही भेटला तर नाही घेणार."

चंद्रप्रकाश खाली फरशीवर बसला. त्याची बायको जे बोलते ते करते, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिला संशय प्रयोगशाळेवर. "नमुने बदलतात. आमच्याकडे एकदा अख्खा ट्रे बदलला होता." तपासलेला तुकडा मेणाच्या छोट्या चौकोनात जपून ठेवलेला असतो आणि मागितला की मिळतो, हे त्यांनी शोधून काढलं. तो चौकोन स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर, अशा त्या रिक्षानं दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्या. मी सोबत होतो. रद्दीच्या प्रकरणानंतर मला नाही म्हणायचा अधिकार नव्हता. काउंटरवरच्या मुलीनं डबा घेतला तेव्हा वहिनींनी तिला विचारलं, "आता यावर माझं नाव कोण लिहिणार? माझ्यासमोर लिही."

चार दिवसांनी रिपोर्ट आला. तेच निदान. पानं मात्र पाच होती आणि पाचही मिळाली.

मग डॉक्टर. पन्नाशीच्या बाई, आवाज बसलेला. त्यांनी चंद्रप्रकाशकडे बघून सुरुवात केली, "मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, पुढच्या वेळी मी यांच्यापासून काही लपवणार नाही." वहिनींनी खुर्ची पुढे ओढली.

"किती जगतात?"

"तुमच्यासारख्या शंभर बायका पूर्ण उपचार घेतात, तेव्हा पाच वर्षांनंतर साधारण सत्तर जणी असतात. पहिली तीन वर्षं जास्त धोक्याची. ती गेली की दरवर्षी रोग परत येण्याची भीती कमी होत जाते."

"आमच्या लाइनवर शंभरात तीस खराब निघाले तर मशीन बंद करतात."

"हे मशीन बंद करता येत नाही."

"मी सत्तरातली की तिसातली?"

मी मनात म्हटलं, आता डॉक्टर म्हणणार, तुम्ही नक्की बऱ्या होणार, धीर धरा. आणि वहिनी उठून चालायला लागणार.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कुणालाच सांगता येणार नाही. केमो किती लागू पडते ते ऑपरेशनच्या वेळी दिसेल, तेव्हा थोडं जास्त सांगेन."

वहिनी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग चंद्रप्रकाशकडे वळल्या. "तारीख घ्या. पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं."

केमोच्या सहा महिन्यांत केस गेले, नखं काळी पडली, तोंडाची चव गेली. संशय तेवढा शाबूत होता. सलाइनच्या प्रत्येक बाटलीवरचं नाव आणि तारीख त्या नर्सकडून मोठ्यानं वाचून घेत. फक्त ओकारी थांबवायच्या गोळ्या त्यांनी काही न विचारता घेतल्या. पहिल्याच दिवशी स्ट्रिप उलटून त्यांनी कोपरा बघितला होता. "आमच्याच लाइनवरची आहे. ही पास झालेली आहे."

ऑपरेशनच्या वेळी पुन्हा ठरवायची वेळ आली. गाठ खूपच आकसली होती. डॉक्टर म्हणाल्या, "तेवढाच भाग काढून रेडिएशन दिलं, किंवा सगळा स्तन काढला, तरी तुमच्या बाबतीत किती जगाल यात फरक पडत नाही."

"फरक पडत नाही तर मला का विचारता?" वहिनींचे डोळे बारीक झाले.

"शरीर तुमचं आहे म्हणून."

गावाकडून फोनवर फोन. सगळं काढून टाक, एकदाच काय ती कटकट जाऊ दे, असं प्रत्येकजण सांगत होता. वहिनींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "जेवढा माल खराब तेवढाच काढायचा. चांगला माल टाकून द्यायची सवय नाही मला." काढलेल्या तुकड्यात जिवंत रोग सापडला नाही, तेव्हा डॉक्टर मनापासून हसल्या. ही उत्तम खूण आहे, म्हणाल्या. वहिनींनी विचारलं, "नीट शोधलात ना?"

पाच वर्षं झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आता वर्षातून एकदा आलात तरी पुरे." झालं! महिनाभर वहिनी अस्वस्थ. "का बोलवत नाहीत? सोडून दिलं की काय मला?" आमची लिफ्ट जशी गप्प झाली होती, तसं आता त्यांचं शरीर गप्प झालं होतं आणि त्यांना ते मुळीच पसंत नव्हतं.

यंदा नववं वर्ष. नोकरी सुटली, केस पुन्हा आले, पहिल्यापेक्षा दाटच. तपासणीच्या आधीचा आठवडा मात्र दरवर्षी तसाच जातो. त्या बोलत नाहीत आणि चंद्रप्रकाश शिट्टी वाजवत नाही. गेल्या मंगळवारी वहिनी एकट्याच जाऊन रिपोर्ट घेऊन आल्या आणि भर दुपारी आमच्याकडे शिरल्या.

"भाऊजी, रद्दी दाखवा."

"वहिनी, शपथ, माझ्याकडे काही नाही."

त्यांनी गठ्ठा उचलून एकेक पेपर झटकला. पुरवण्यांशिवाय काही पडलं नाही. मग त्या दिवाणावर बसल्या आणि पिशवीतून एकच कागद काढला. त्यावर सगळं ठीक असल्याचं लिहिलं होतं. कोपऱ्यात छापलं होतं, पान एकपैकी एक. त्यांनी तो उलटून मागची कोरी बाजू बघितली, खिडकीच्या उजेडात धरून आरपार बघितली. मग नीट घडी घालून रद्दीच्या गठ्ठ्याखाली सरकवला.

"यांना सांगू नका. संध्याकाळपर्यंत."

"वहिनी! अहो, चांगली बातमी आहे!"

"मग? वाईट बातमी इथं अकरा दिवस टिकली होती. चांगली चार तास टिकेल."

पाच वाजता बेल वाजली. दारात चंद्रप्रकाश. "पेपर वाचूक इलंय," तो म्हणाला. बावीस वर्षांत त्यानं आमच्याकडे पेपरला हात लावला नव्हता. माझ्याकडे न बघता तो दिवाणापाशी गेला आणि गठ्ठ्याखाली हात घातला. कागद निघाला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यानं कागद माझ्यापुढे धरला. "वाच," तो म्हणाला.

मी वाचला. सगळं ठीक आहे. पान एकपैकी एक.

"मागे बघ."

"कोरं आहे रे."

"बरोबर बघ."

मी पुन्हा उलटून बघितलं. समोरच्या उघड्या दारातून वहिनींचा आवाज आला, "सापडलं का? सापडलं असेल तर चहा ठेवा!"

चंद्रप्रकाशनं डोळे पुसले आणि चहा ठेवायला गेला. साखरेचा डबा कुठं असतो ते आता त्याला माहीत आहे.