काकूनं शिवलेलं टीव्हीचं कव्हर

मी उमरेडचा. आमच्या घरी हातमाग. बाप सुताचं कापड विणते अन् मी सगळ्यायच्या नकला करतो. मागाची खटखट, घाटात गिअर न पडणारी एसटी, गणिताच्या मास्तरचं खाकरणं, कोणताबी आवाज एकदा कानात गेला का माह्या तोंडातून जसाच्या तसा बाहेर येते. शाळेत याच्यापायी मार खाल्ला. आयटीआयमध्ये याच्यापायीच दोस्त भेटले. अन् नागपुरात सक्करदऱ्याच्या टीव्हीच्या दुकानात माही नोकरी टिकली तेबी याच्यापायीच. हे शेवटचं कोणी खरं मानत नाही, म्हणून लिहून राहिलो.

दुकान मालकाचं, पण चालवे काकू, म्हणजे मालकाची बायको. मी लागलो त्या वर्षी नवीन रंगीत सेट आले होते. त्याले फिरवाचं बटणच नव्हतं. पडद्याच्या बाजूले स्टीलच्या चकचकीत टिकल्यायची रांग, अन् टिकलीले नुसतं बोट लावलं का च्यानल बदले. आता दिसे एकच च्यानल, तो भाग वेगळा. गिऱ्हाईक टिकलीले बोट लावे, तेच च्यानल पुन्हा दिसे, अन् घरचे सारे "वा!" म्हणत.

प्रत्येक सेटसंगं काकू स्वतः शिवलेलं कव्हर फुकटात दे. गुलाबी नायलॉन, चारी बाजूनं झालर, समोर दोऱ्यानं काढलेला मोर. देताना दर वेळी बजावे, "रोज काढाचं, रोज घालाचं वं बाई. नागपूरची धूळ लय बेकार." अर्धे लोक तर मोर पाहूनच सेट घेत.

पावसाळाभर एकबी तक्रार नाही. दिवाळीपर्यंत मजेत. मंग हवा कोरडी झाली, ओठ तडकले, टाचा उलल्या, अन् सेट वापस याले लागले. चित्र साफ, आवाज साफ, पण टिकलीले बोट लावा नाहीतर डोकं आपटा, सेट ढिम्म. मी खोलून पाहो तर सारं ठीक, फक्त टिकल्यायच्या मागची छोटी काळी चिप मेलेली. नवी टाको. थोड्या दिवसानं तेबी मरे.

मालक म्हणे, "व्होल्टेज आहे." सगळ्यायच्या घरी स्टॅबिलायझर बसवले. तरी मेल्या. मंग म्हणे उंदीर. मंग म्हणे पाल. पालीची नक्कल मी करून दाखवली, पण ते काही कबूल झाली नाही.

शेवटी हुडकेश्वरच्या मुख्याध्यापिका बाई दुकानात आल्या. त्यायचा सेट दोनदा दुरुस्त होऊन पुन्हा गेला होता. त्या मालकाले काय बोलल्या ते मी मागून ऐकलं. अख्खं दुकान वर्गासारखं चूप होतं. बाई गेल्यावर मालक माह्याकडं वळले.

"काय गा नकल्या, बाईचा सेट आखरी बार दुरुस्त कर. अजून एकदा गेला ना, तर सारे सेट कंपनीले वापस अन् तू उमरेडच्या गाडीत."

"खिडकीची जागा भेटन का मालक?"

"टपावर बसवीन तुले."

हसलो मी, पण टपाचा वारा तेव्हाच लागला. बापानं घरून निघताना एकच गोष्ट सांगतली होती, का माग शिकाचा नसन तर दुसरं काही तरी धड शिक. वापस गेलो असतो तर बाप काही बोलला नसता. फक्त मागाची खटखट जोरात केली असती.

पण हिंमत मी सोडली नाही. माह्या हातात खोट नव्हती, मले माहीत होतं. सायकल काढली, हुडकेश्वरले गेलो, नवी चिप टाकली. सेट फटकन चालू. म्हटलं, "बाई, मी आता इथंच बसतो. तुम्ही रोज लावता तसाच लावा."

संध्याकाळी बातम्याच्या टाइमाले शेजारपाजार जमला. पोट्टे चटईवर, बाया भिंतीले टेकून. बाई आल्या, आंगावर नायलॉनची साडी, पायात रबरी चप्पल. पुतळ्याचं उद्घाटन असावं तशी त्यायनं कव्हरची झालर धरली अन् एका झटक्यात ओढली. मंग टिकलीले बोट लावलं.

सेट मेला.

"बघ!" बाई म्हणाल्या. "तुझ्यासमोर गेला!"

बाईनं कव्हर ओढलं तेव्हा सगळे सेटकडं पाहून राहिले होते. मी डोळे मिटून ऐकून राहिलो होतो. चर्रर्र. अन् मंग बारीकसा, चट्. हा आवाज मले पाठ होता. होस्टेलात थंडीच्या दिवसात दिवा मालवून टेरिलिनचा शर्ट काढला का असाच आवाज ये अन् निळे कण उडत. गॅदरिंगमध्ये मी त्याच्यावर टाळ्या घेतल्या होत्या.

मी तोंडानं काढून पाहिला. "चर्रर्र... चट्." पोट्टे खिदळले.

"माझी नक्कल करतोस का रे?"

"तुमची नाही बाई, तुमच्या कव्हरची!"

मंग समजावलं. नायलॉन कशावरबी घासलं का आंगात वीज साचते. रबरी चपलेमुळं ते जमिनीत उतरत नाही. पहिलं लोखंड-स्टील हाताले लागते तिथं ते उडी मारते. आपल्याले नुसता चिमटा, पण चिपीच्या पोटातला पापुद्रा जळून जाते. बाईनं सारं ऐकून घेतलं, अन् परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "मग पावसाळ्यात का नाही गेला?"

"तेव्हा हवेत ओल राहते ना बाई. वीज साचाच्या आधीच सरकून जाते."

"बरोबर," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या शिक्षकानं मले हा शब्द म्हटला.

आता खरी पंचाईत पुढंच होती. मालकाले सांगतलं तर ते म्हणाले, "काकूले तूच सांग. मले आज घरीच जेवाचं हाये."

दुपारी दुकानाचं शटर अर्धं पाडलं, अंधार केला. "काकू, जरा हे कव्हर ओढा बरं, जोरानं. आता या टेस्टरच्या टोकाले बोट लावा." टेस्टरचं दुसरं टोक मी धरलं होतं. आतला इवलासा दिवा लाल चमकला अन् विझला.

"बाप्पा! हे माह्या आंगातून निघालं?"

"हो काकू."

"मंग सेट माह्या कव्हरनं मारले?"

मालक छताच्या पंख्याकडं पाहाले लागले. माह्याजवळ शंभर आवाज, पण त्या घडीले एकबी कामाचा नव्हता. साधंच बोललो. "कव्हरनं नाही काकू. नायलॉननं. धुळीपासून वाचवाचं तर बरोबरच आहे."

काकूनं कव्हरची घडी घातली. मोरावरून हात फिरवला. "मोर तर मी सुती दोऱ्यानं काढला होता वं माय," स्वतःलेच म्हणाली. मंग एकदम माह्याकडं पाहून, "सुती कापड चालते?"

"धावते."

"तुह्या बापाच्या मागावर एवढ्या पन्ह्याचं निघते?"

निघते ना. बापानं चिठ्ठीत फक्त विचारलं, टीव्हीले थंडी वाजते का? अन् कापड पाठवलं. काकूनं सगळ्यायच्या घरी जाऊन नायलॉनचे कव्हर वापस घेतले, सुताचे दिले, मोर तोच. मी प्रत्येक टिकलीच्या तारेत एक एक मोठा रेझिस्टर टाकला, म्हणजे चुकून वीज आलीच तर मरगळून येईन. अन् चिप बदलताना मनगटाले उघडी तार बांधून दुसरं टोक नळाच्या पाइपाले, मधात एक रेझिस्टर, म्हणजे माह्या आंगातली वीज चिपीत न जाता जमिनीत उतरे. पहिल्या दिवशी काकूनं विचारलं, "बकरी बांधली का गा इथं?" मी बेंबाटलो. बाहेरची खरी बकरी आत आली.

हुडकेश्वरले आता टिकलीच्या आधी खिडकीच्या गजाले हात लावाची रीत आहे. बाई लावतात, मंग शेजारीण, मंग पोट्टे रांगेनं, देवळात घंटेले लावतात तसे. च्यानल मात्र तेच दिसते.

मंग पुन्हा हवा कोरडी झाली. ओठ तडकले, टाचा उलल्या. मी रोज दाराकडं पाहो. एकबी सेट आला नाही. एका सकाळी मालकानं गल्ल्यावरून आवाज दिला, "नकल्या, उमरेडची गाडी येते आता. निघ."

छातीत चट् झालं.

"काहून मालक?"

"काहून म्हणजे? तुह्या बापानं कापडाचा गठ्ठा पाठवला, उतरवून आण. काकू मशीन झाडून बसली."

गाडी स्टँडवर आली तेव्हा गठ्ठा टपावर होता. मीच चढलो, गठ्ठा खांद्यावर घेतला, अन् उतरून सक्करदऱ्याले निघालो.