देहातला सर्वांत संशयी अवयव

फॉर्मालिनचा वास आधी डोळ्यांना येतो, मग नाकाला. त्या बोचऱ्या वासातून आमचे विकृतिशास्त्राचे सर वर्गात प्रवेश करीत, आणि त्यांच्या नजरेसमोरून गेलेला एकही माणूस निरोगी मूत्रपिंडे घेऊन घरी परतत नसे. निदान सरांच्या मते तरी नाहीच. पापण्या जड दिसल्या की संशय, पाण्याची बाटली लवकर रिकामी झाली की संशय, न झाली तर अधिकच. जळकोटच्या एका लग्नात ते वडीलधाऱ्यांच्या पाया पडत सुटले होते. वाकताना अंगठा हळूच नडगीवर दाबायचा आणि उठताना तिथला खळगा भरून येतो की सूज सांगत तसाच राहतो, हे पाहायचे, असा तो नमस्कार. मंडपातल्या म्हाताऱ्या गहिवरल्या. “डॉक्टर असून लई संस्कारी हो!” ही कीर्ती बेंबळीपर्यंत गेली. नवरदेवाच्या आजोबांना मात्र दुसऱ्याच दिवशी तपासणीचे बोलावणे आले.

शिकवण्यासाठी ते धाराशिवच्या बाजारातून बोकडाचे गुर्दे आणीत. “पकानेकू के देखनेकू, डॉक्टरसाब?” मटणवाले चाचा विचारत, आणि देखनेकू म्हटले की कौतुकाने धुऊन देत. “धुतला कशाला, चाचा? काय लपवताय?” सर गुरकावत. तो गुर्दा उभा चिरून ट्रेमध्ये उघडला, बाहेरचा कॉर्टेक्स भिजल्या विटेसारखा आणि आतला मेड्युला गर्द, रेघारेघांचा दिसू लागला, की त्यांचा आवाज एकाएकी मऊ होई. “हा देहातला सर्वांत संशयी अवयव. इथं कॉर्टेक्समध्ये केशवाहिन्यांचे गुंते आहेत, ग्लोमेरुलस. तिथं रक्त गाळलं जातं. पेशी अन् प्रथिनं आत राहतात. पाणी, मीठ, साखर, सगळं बाहेर. मग पुढच्या नलिकेत एकेकाची चौकशी करून कामाचं तेवढं परत घ्यायचं. माणसांशी असंच वागा. चाळणी फाटली, की घरातली प्रथिनं रस्त्यावर!”

आमच्यावर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. प्रात्यक्षिकाला ते हळदीच्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग घोळून ‘रुग्णाचा नमुना’ म्हणून ठेवीत. प्रथिने सापडल्याच्या आनंदात आम्ही भराभर निदान लिहीत असू. सर कागद वाचून म्हणत, “छान. आता कोंबडीला डायलिसिसवर घ्या.”

पुढे मी धाराशिवातच लहानशी लॅब उघडली. गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस निवृत्त सरांनी पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हाती एक बाटली पाठवली. वर ढोकीच्या कुणा मुकादमाचे नाव होते. आत दाट, न विरणारा फेस. मला हसू फुटले. “काकू, आज घरात अंडी किती फुटली?”

काकू हसल्या नाहीत. “अंडी कुठली गं? त्यांना किती दिवसांत धड जेवणच जात न्हाय.”

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तांबड्या पेशींचे दंडगोल तरंगत होते. नलिकेत अडकून, गोठून, तिचाच आकार घेऊन बाहेर पडलेले. ते सुजलेल्या जिवंत मूत्रपिंडातच घडतात. ती लबाडी कोणत्याही स्वयंपाकघरात साधत नाही. ढोकीला असा मुकादम नव्हताच. दुपारी सरांच्या घरी गेले, तेव्हा तो मुकादम अंगणातल्या खुर्चीत, सुजल्या पापण्यांनी ऊन खात बसला होता.

“काय म्हणतो आमचा मुकादम?”

“सर, त्यांना तातडीनं सोलापूरला न्यायला हवं. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. ग्लोमेरुलसला सूज आहे. आत्ता औषध मिळालं तर मूत्रपिंडं वाचण्याची आशा आहे. थांबलो तर व्रण धरतील, मग औषधाचा उपयोग नाही.”

“बाटली खराब असेल.”

“काकूंनी उकळून घेतली होती.”

“नमुन्यांची अदलाबदल झाली असेल.”

“सकाळपासून तो एकच नमुना होता, सर.”

बाजेवर वाळणाऱ्या कुरडयांचा आंबूस वास आमच्यामध्ये थांबून राहिला. “सुई एकाच्या हातात,” ते पुटपुटले, “स्लाइड दुसऱ्याच्या. आपण पालथं पडून राहायचं. पाठीमागं कोण काय करतंय, दिसत बी न्हाय.” त्यांनी धोतराची कड बोटांनी सारखी केली, पुन्हा विसकटली. काकू दारात उभ्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. आणि वर्गात मी कधीच न ऐकलेल्या आवाजात विचारले,

“येशील?”