झुंबरबाईंनी गाव ढवळलं

निरवांगीच्या दूध संकलन केंद्राच्या खिडकीत झुंबरबाई प्रकट झाल्या की समोरची रांग आपोआप सरळ व्हायची. सकाळ-संध्याकाळ दोन खेळ, एकतीस वर्षं, एकही खाडा नाही. किटली पुढं आली की बाई दांड्यानं दूध तळापासून ढवळायच्या आणि मगच फॅटसाठी नमुना घ्यायच्या. कुणी म्हणालं, "बाई, वरचंच घ्या की, घाई हाय," तर कमरेवर हात ठेवून रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा आवाज लावायच्या, "वर साय असती आन् खाली पाणी! मला दोन्ही बघायचं हाय!" काय तो आवाज! असे गळे आता घडत नाहीत.

बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या मालकांना, तात्याबांना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. मग दर पंधरा दिवसांनी बारामतीचा दवाखाना. त्यासाठी जीप ठरवायची, चार गडी गोळा करायचे, तात्याबांना उचलून आत घालायचं आणि उचलून बाहेर काढायचं. अख्खा दिवस त्यात जायचा, आणि घरी आल्यावर तात्याबा दोन दिवस डोळे उघडत नसत.

अशात गावच्या आरोग्य उपकेंद्रात पडदा आला. नाटकातला नव्हे, भिंतीवरचा! दर गुरुवारी त्यावर बारामतीच्या श्रेया डॉक्टर दिसायच्या. इथली नर्स रक्तदाब आणि साखर तपासून सांगायची, डॉक्टर तिथून विचारायच्या, औषध लिहायच्या. तात्याबांना चाकांच्या खुर्चीत घातलं की तीनशे पावलांवर डॉक्टर. झुंबरबाईंचा आठवडा आता सोमवारी नाही, गुरुवारी सुरू व्हायचा.

पडदा एका संस्थेनं वर्षभरासाठी दिला होता. त्याचा लोकांना किती उपयोग होतो आणि किती पैसा वाचतो, हे मोजायला पुण्याहून राजलक्ष्मीताई आल्या होत्या. गेल्या वर्षी पडदा बसण्याआधी त्यांनी घरोघर जाऊन विचारलं होतं, "तुमच्या तब्येतीला दहापैकी किती गुण द्याल?" वर्षानं पुन्हा तोच प्रश्न विचारून झाला होता. बुधवारी सकाळी त्या उपकेंद्राच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून बसल्या होत्या, चेहरा पार उतरलेला. झुंबरबाई चहा घेऊन गेल्या.

"काय झालं, ताई? घरची आठवण येती का?"

"बाई, गेल्या वर्षी गावाची सरासरी होती साडेनऊ. यंदा सहा. आकडे म्हणतात, पडदा आला आणि गाव आजारी पडलं. आज संध्याकाळी अहवाल पाठवायचाय. हे असंच गेलं तर पडदा काढून दुसऱ्या गावाला देतील."

झुंबरबाईंच्या डोळ्यांपुढं जीप उभी राहिली. चार गडी उभे राहिले. त्या ताईंच्या शेजारी बसल्या. आणि मग एकदम मान वर करून म्हणाल्या, "साडेनऊ? ह्या गावाला? प्रयागबाईनं किती सांगितलं व्हतं?"

"दहा."

"आन् सर्जेरावानं?"

"दहा. वर म्हणाले, अकरा लिहा."

झुंबरबाई अशा हसल्या, की कपातला चहा बशीत आणि बशीतला पदरावर. "अवो ताई, तुमी पहिल्यांदा दारात आला. पाव्हणी आली म्हनून खुर्ची टाकली, चहा ठेवला. पाव्हणीला कोण सांगंल माझं पोट साफ व्हईना म्हनून? समद्यांनी 'बरं हाय' म्हनून सांगितलं. आता वर्षभर श्रेया मॅडमसंगं बोलून बोलून लोकांची भीड चेपली. तुमी गेल्या साली नुसती साय मोजली. दूध ढवळलंच न्हाय!"

राजलक्ष्मीताईंनी लॅपटॉप मिटला. "खरं असेल. पण गेल्या वर्षीचं आता कसं ढवळायचं?"

"सोपं हाय. सोताचं कुणी सांगत न्हाय. शेजारणीचं इचारा. एका माणसामागं दोन शेजारी, येगयेगळे बसवून. दोघांचं जुळलं तर लिवा, न्हाय जुळलं तर सोडा. आन् गुण नका इचारू, कामं इचारा. कोण हौदावरनं पाणी आणत व्हतं, कोण जनावराखाली धार काढायला बसत व्हतं."

दुपारी ओसरीवर जी गर्दी लोटली, ती पाहून कुठल्याही नाटक कंपनीच्या मालकानं देवापुढं नारळ फोडला असता. स्वतःच्या दुखण्याबद्दल मिठाची गुळणी धरणारं गाव शेजाऱ्याच्या दुखण्यावर असं बोलू लागलं, की राजलक्ष्मीताईंची बोटं पुरेनात.

"प्रयागबाई बरी व्हती म्हनं? गेल्या साली भिताडाला धरून चालायची!" आतल्या खोलीत एकटी बसवलेली शेजारीण फुलाबाई म्हणाली. "आता माझ्या आधी हौदावर असती. आन् भांडती बी!"

खर्चाची पाळी आली तेव्हा सर्जेराव खुर्ची ओढून पुढं आले. प्रयागबाई त्यांची बायको. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, "हिला साखर दाखवायला बारामतीला न्यायची म्हंजी एस.टी., डॉक्टरची फी, भेळ, बांगड्या, साडी..."

"थांबा, काका. भेळ उपचाराच्या खर्चात धरता येत नाही."

"का म्हनून?" प्रयागबाई मागून कडाडली. "उपाशीपोटी रक्त काढत्यात. वर भेळ न्हाय खाल्ली तर चक्कर कशी थांबंल?"

"बरं, अर्धी भेळ धरते. पण साडी?"

प्रयागबाईनं पदर सावरला. "साडी... धीर यायला."

"ताई, पडदा ऱ्हाऊ द्या!" सर्जेरावांनी हात जोडले. "माझ्या लई साड्या वाचल्यात!"

"व्हय, आन् माझी बारामती बंद झाली, त्याचा खर्च कोण लिवणार?" प्रयागबाईनं विचारलं, आणि राजलक्ष्मीताईंनी खरोखरच वहीत एक नवा रकाना आखला.

पाचच्या सुमाराला हिशेब लागला. बासष्ट माणसांपैकी सत्तावन्नांच्या बाबतीत दोन्ही शेजाऱ्यांचं जुळत होतं. गेल्या वर्षी धार काढणं, पाणी आणणं जमत नव्हतं अशी निम्मी माणसं आता कामाला लागली होती. बारामतीच्या फेऱ्या माणशी वर्षाला सरासरी चारावरून एकीवर आल्या होत्या. राजलक्ष्मीताईंनी पुण्याला वरिष्ठांना फोन लावला आणि अर्धा तास अंगणात येरझाऱ्या घातल्या. झुंबरबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. एकतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या निकालाची अशी वाट कधी बघितली नव्हती. निकाल त्याच द्यायच्या.

फोन ठेवून ताई आल्या. "सर म्हणतात, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर उपयोग सिद्ध झाला असं लिहिता येणार नाही."

झुंबरबाईंनी खांब घट्ट धरला.

"पण गेल्या वर्षीचा साडेनऊचा आकडाही आता धरता येणार नाही. पहिली मोजणी रद्द. पडदा आणखी एक वर्ष इथंच राहणार, आणि नव्यानं मोजायचं. तुमचे प्रश्न घेऊन."

मग काय विचारता! फुलाबाईनं फुगडीसाठी झुंबरबाईंना ओढलं, आणि त्या सत्तरीच्या बाईनं गुडघे-बिडघे विसरून चार गिरक्या घेतल्या. सर्जेराव ओरडत होते, "ताई, हे बी लिवा की वहीत!"

दुसऱ्या दिवशी गुरुवार. उपकेंद्राच्या खिडकीत माणसंच माणसं. तात्याबांची खुर्ची पडद्यासमोर लागली. श्रेया डॉक्टर म्हणाल्या, "तात्याबा, डावा हात वर करा बघू."

हात थरथरत निघाला. छातीपाशी आला. गेल्या गुरुवारसारखाच खांद्यापाशी थांबला, जरा खाली घसरला आणि पुन्हा निघून कानाला लागला.

खिडकीतून टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावरून डॉक्टर हात हलवत ओरडत होत्या, "अहो, टाळ्या थांबवा! मला काही ऐकू येत नाहीये!"

झुंबरबाईंनी नवऱ्याच्या खांद्यापासून कानापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. "लिवा, ताई. सहा बोटं. गेल्या गुरवारपेक्षा सहा बोटं जास्त!"

तात्याबांची जीभ अजून जड होती. पण ते खिडकीकडं बघून, एक-एक शब्द ओढत म्हणाले, "वाजू द्या... मॅडम. टाळ्या... थांबल्या... की हात... खाली येतोय."