वनाभाऊला बोलावणारी कॅसेट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पुष्पाबाई झोक्यावर बसून गाऊ लागली की बायका हातातली कामं टाकून येत. धुळ्याजवळच्या त्या खेड्यात असा गळा दुसरा नव्हता, आणि असं फटकळ तोंडही नव्हतं.

सासरी अडकलेली बहीण भावाला हाक मारते, मला माहेरी न्यायला ये, असं ते जुनं गाणं. जी गाते ती त्यात आपल्या भावाचं नाव घालते. भाऊ वारलेला असला तर नुसतं ‘भाऊ’ म्हणायचं. गेलेल्याला नावानं बोलवायचं नाही. पुष्पाबाई वर्षानुवर्षं नुसतं ‘भाऊ’ म्हणे. तिचा धाकटा भाऊ वना ऐन विशीत बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला होता. सासूनं ‘नाही धाडत’ म्हणून उंबऱ्यावरूनच परतवला, आणि जाताना वाटेतच ऊन लागून तो गेला. त्या घरात पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही.

नव्वदच्या सुमाराला देवपूरचा गिरधर टेपरेकॉर्डर घेऊन आला. खांद्यापर्यंत केस, आणि गिटार-ड्रमचा रॉक बँड काढलेला. हौसेला मोल नसतं!

"अक्का, भावाचं नाव घालून म्हणा ना."

इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं. बाईला भरून आलं आणि ती गाऊन बसली, ‘ये रे वना भाऊ, माले लेवाले ये.’

पोरांनी तीच ओळ गिटारवर चढवली. कॅसेट अशी चालली की धुळ्यापासून जळगावपर्यंत लग्नाचा एक मांडव सुटला नाही. पोरं नाचत होती आणि कर्णे वनाला बोलावत होते.

मग भर दुपारी, गल्ली सामसूम असताना, पुष्पाबाईला बैलांच्या घुंगरमाळा ऐकू येऊ लागल्या. गाडी कुठे दिसत नसे, पण आवाज रोज थोडा अलीकडे येई. तिची पाचावर धारण बसली. वना जीव की प्राण होता, पण तो नेणार कुठे हे तिला कळत होतं. नातू नुकता पावलं टाकू लागला होता. तिला अजून जगायचं होतं.

आखाजीच्या सकाळीच तिनं देवपूर गाठलं.

"मना भाऊनं नाव काढी टाक रे बाबा. तो मरी जायेल शे, आनि तुम्ही बठ्ठा त्याले बलाई ऱ्हायनात."

गिरधरचं हसू मावळलं. "अक्का, कॅसेट घरोघर गेली. कुठून कुठून पुसू?"

परतताना तिनं मनाची समजूत घातली. घरच्यांनी धाडल्याशिवाय भाऊ बहिणीला नेत नाही, ही रीत. वना रीतीचा पक्का. तेव्हाही गुमान फिरला होता. आता घरात शब्द आपला चालतो. नाही म्हणून टाकायचं, की झालं.

घरी सून हसतच पुढे आली. "आत्या, तुम्हना भाऊ ऊनथात, तुम्हले लेवाले. कितला ल्हाना शेत! पानीबी पिनात नहीत, उंबरठावरच उभा ऱ्हायनात."

पुष्पाबाईनं चौकट धरली. "तू काय सांगं त्यासले?"

"तुम्ही घर नही व्हतात, मंग मीच सांगं. वरीसभर राबतस तुम्ही. म्हनं, खुशाल लई जा माहेरले." सुनेनं सासूचं नवं लुगडं मायेनं पिशवीत घातलं. "गाडी निंबखाले उभी शे. बैलबी सोडेल नहीत."